झालं का बोलणं?

आमच्या इमारतीच्या तळघरात हिवाळ्याची सगळी बेगमी असते. आंबवलेल्या कोबीची पिंपं, मिरच्यांच्या बरण्या, बटाट्यांची पोती, कुणाची तरी मोडकी सायकल. व्लास्ताच्या खणात मात्र कोबीच्या पिंपामागे, फळीवर, एक काळी पेटी रात्रंदिवस घरघरत असते. त्या पेटीत चारेकशे माणसं राहतात असं ती म्हणते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "अगं, एवढ्या माणसांना कोबीच्या वासात ठेवतेस, काही वाटत नाही तुला?"

"कोबी निदान त्यांच्यावर पाळत ठेवत नाही," ती म्हणाली.

मी श्तेफ्का, तिच्या वरच्या मजल्यावरची. आयुष्यभर आमच्या मारिबोर शहरातल्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे लोकांकडे बोट रोखून बोलायची खोड आहे. व्लास्ता ती खोड सहन करते आणि मी तिचा हट्ट सहन करते, असं आमचं शेजारपण आहे.

ती अठराव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. तेव्हा परगावी फोन लावायचा तर मधे एक बाई बसलेली असे. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांची फळी, हातात तारा. व्लास्ताच्या शेजारच्या खुर्चीवर झोरा बसायची. वयाने थोडी मोठी, तोंडाने बरीच मोठी. तिनेच व्लास्ताला काम शिकवलं. झोराचा पहिला धडा असा, की लाइन शांत झाली म्हणून तार ओढायची नाही. माणसं फोनवर रडतात, आठवत बसतात, भांडून धुमसत बसतात. आधी लाइनवर जायचं, हळूच विचारायचं, "झालं का बोलणं?" आणि मगच ओढायची.

हा प्रश्न व्लास्ताच्या जिभेवर कायमचा बसला. पाहुण्याचं ताट उचलायच्या आधी विचारणार, निरोप घेताना विचारणार. तिचा नवरा व्हिन्को म्हणायचा, "हिच्याशी धड भांडताही येत नाही. मी जरा दम खायला थांबलो की विचारते, झालं का."

व्हिन्को गेला त्या आठवड्यात तिला तिच्या संगणकावर कबरीच्या दगडांच्या जाहिराती दिसायला लागल्या. एकट्या बायकांसाठी सहली, झोपेच्या गोळ्या. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त त्या मोठ्या कंपनीच्या साइटवर एका मैत्रिणीला दोन ओळी लिहिल्या होत्या. तिला इतका संताप आलेला मी कधी पाहिला नव्हता. "एक्स्चेंजमध्ये आम्हाला सगळं ऐकू यायचं, श्तेफ्का," ती म्हणाली, "पण ऐकलेलं बाहेर विकलं असतं तर झोराने मला तारेनेच फटकावलं असतं."

मग साठी उलटलेली ही बाई वाचनालयातल्या संगणकवेड्या पोरापोरींच्या वर्गात जाऊन बसली आणि हिवाळाभर शिकून तिने आपला स्वतःचा पार बांधला. संगणकवाले तळघरातल्या त्या पेटीला सर्व्हर म्हणतात, पण आमच्याकडे गावच्या मध्यावर लिपाचं झाड असतं, त्याच्याखाली दगडी बाकं असतात आणि म्हाताऱ्या माणसांनी तिथे बसून गावाचे तंटे सोडवायचे असतात. तिने नावच लिपा ठेवलं. इथे माणसं एकमेकांना लिहितात, पण जाहिरात नाही, मालक नाही. सगळे थोडी थोडी वर्गणी देतात, नियम बैठकीत ठरतात, आणि ज्याला जायचं त्याचं खातं बंद करण्याआधी व्लास्ता स्वतः त्याला लिहिते, झालं का बोलणं? काही जण एवढ्यावरच विरघळून राहिले आहेत.

असे पार जगभर हजारोंनी आहेत. प्रत्येकाचा राखणदार निराळा, कायदे निराळे, तरी या पारावरचा माणूस त्या पारावरच्या माणसाशी बोलू शकतो. आणि एखाद्या पाराने घाण माजू दिली तर शेजारचे पार त्याच्याशी बोलणंचालणं तोडतात. त्यांच्यात त्याला भारदस्त शब्द आहे. मी सरळ वाळीत टाकणं म्हणते.

लिपावर पहिलं खातं उघडलं ते झोराने. दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात ज्या बाईचा जन्म गेला तिचेच कान सत्तरीत गेले. देवाला विनोद करता येतो, पण चांगला करता येत नाही. ती लोव्हरेंत्सला, पोहोर्येच्या डोंगरात, एकटीच राहते. गुडघे धड नाहीत, फोन ऐकू येत नाही, बर्फ पडला की शेजारीही येत नाहीत. तिचं सगळं बोलणं मांडीवरच्या टॅबलेटवर, आणि त्यातही लिपाशिवाय दुसरं काही तिला येत नाही. तिथेच तिला चिमणी भेटली.

चिमणी हे त्या बाईने घेतलेलं नाव. खरं नाव झोराला माहीत नव्हतं, गावही नाही. ती आपल्या पारावर नव्हती. 'आसरा' नावाचा शेजारचा पार आहे, घरी आजारी माणसांचं करणाऱ्यांचा, त्यावर ती होती. तिच्या आईचं डोकं फिरलं होतं, मुलीलाच आई म्हणायची, आणि चिमणी दिवसरात्र तिचं करायची. रोज सकाळी झोरा लिहायची, "धुकं आहे. कुट्टूचं पीठ शिजवतेय. तुझं काय?" आणि आईला भरवता भरवता चिमणी उत्तर द्यायची. मग दुपारपर्यंत दोघींचं चालू. पारावर सगळ्यांसमोर, कारण लपवायचं काय? मी कधीकधी वाचायची. एकदा चिमणीने लिहिलं होतं, "काही सकाळी वाटतं, आई झोपेतच गेली तर बरं. आणि मग मी तिच्यासाठी सूप गरम करते." झोराने खाली लिहिलं, "सूप गरम करतेस ना? मग वाटू दे." मला ते वाचून रडू आलं होतं, आणि मला सहसा येत नाही.

आता लेनार्त. हा विद्यापीठातला, तिशीतला, दाढी विंचरायला वेळ नसलेला. माणसं इंटरनेटवर एकमेकांशी कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्यांचं एक मंडळ लिपावर जमतं, प्राध्यापक आहेत, हौशी आहेत, एक निवृत्त पोस्टमनही आहे जो फक्त अफवा गोळा करतो. लेनार्त त्यांचा म्होरक्या. मंडळाचा धर्मच असा, की न विचारता कुणाचा शब्द उचलायचा नाही आणि जे शोधलं ते सगळ्यांना उघडं ठेवायचं. लेनार्तला दाखवायचं होतं, की कंपनीने पेटवलं नाही तर म्हातारी माणसं इंटरनेटवर किती मायेनं बोलतात. हेतू सोन्यासारखा. तो लिपावरच्या प्रत्येकाकडे गेला, परवानगी मागितली, नको म्हणाला त्याला सोडून दिलं. झोरालाही विचारलं. ती म्हणाली, "घे बाबा, म्हातारीच्या पिठाला कोण विचारतंय."

आणि इथे तो चुकला. घरातल्या सगळ्यांना विचारलं, पण ओसरीवर बसून बोलणाऱ्या पाहुणीला विचारायचं राहिलं. झोराला उत्तर द्यायला आलेले चिमणीचे शब्द आमच्याही पेटीत साठलेले होते. एकाच बाजूचं बोलणं छापलं तर वेड्याची बडबड वाटेल, म्हणून त्याने दोन्ही बाजू घेतल्या. नावं पुसली आणि अभ्यास उघडा ठेवला. एका वर्तमानपत्राला ते सुपाचं वाक्य फार आवडलं. कौतुकाने छापलं. चिमणीच्या भावाने ते वाचलं, वाक्य जसंच्या तसं इंटरनेटवर शोधलं, मागचंपुढचं वाचून आपलंच घर ओळखलं, आणि बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला. तू आईच्या मरणावर टपली आहेस म्हणाला. आईला उचलून त्याने दूरच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

आसऱ्याचा राखणदार रादिवोय. पेशाने परिचारक, शब्दाने मऊ. त्याने व्लास्ताला लिहिलं, "व्लास्ताबाई, आमच्या माणसाचं घर मोडलं. त्या अभ्यासकाला रविवारपर्यंत तुमच्या पारावरून काढा, नाहीतर आम्हाला तुमच्याशी नातं तोडावं लागेल. मला आनंद होत नाहीये."

लेनार्त त्याच दिवशी व्लास्ताच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याने अभ्यास मागे घेतला होता, चिमणीची माफी मागितली होती, वर्तमानपत्राला लिहिलं होतं. चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा. "व्लास्ताबाई, मी जातो ना," तो म्हणाला. "माझ्यासाठी तुम्ही सगळे कशाला?"

"गप बस आणि खा," ती म्हणाली. तिने त्याच्यापुढे बटाट्याची कोशिंबीर ठेवली, वर भोपळ्याच्या बियांचं काळं तेल. "चूक केलीस, कबूल केलीस, निस्तरायला धावलास. अशा माणसाला गावाबाहेर काढलं तर उद्या कबूल कोण करेल? सगळे लपवतील."

"पण ते तोडतील."

"बैठक ठरवेल."

मला तिचं म्हणणं पटलं होतं, अजूनही पटतं. लेनार्तला ठेवून घेऊ या, अशी बैठकीची नोटीस पारावरच्या फलकावर लागली. वाद झाले, काहींनी लेनार्तला फाडून खाल्लं, काहींनी सावरलं. आमचा जुना नियम आहे, मुदतीत जो बोलला नाही तो राजी. मोजणी झाली आणि लेनार्त राहिला. मी व्लास्ताला शाबासकी दिली. दोघींनी करवंदी रंगाची ती ब्लूबेरीची दारू एकेक घोट घेतली. झोराची आठवण आमच्यापैकी कुणालाही झाली नाही.

भाऊ येऊन गेल्यापासून चिमणीने काही लिहिलं नव्हतं. शनिवारी तिने झोराला लिहिलं, "आईला नेलं." बाकी काही नाही. झोराने उत्तर दिलं, "आता तुला झोप तरी मिळेल, पोरी." रविवारी आसऱ्याने तार तोडली.

सोमवारपासून व्लास्ताला जेवण जाईना. मला वाटलं पित्त असेल. मग एक दिवस कोबी काढायला म्हणून मी तळघरात गेले, तर ही पेटीपुढे स्टुलावर बसलेली.

"इथे गारठ्यात काय करतेयस?"

"परत येतायत," ती म्हणाली.

"काय?"

"झोराचे खाजगी निरोप. चिमणीला जातात, आसरा दार लावून घेतो, परत येतात. झोराला कळत नाही, पेटी फक्त मला सांगते. रोज सकाळी. आधी एक यायचा. आता दिवसाला चारपाच."

"काय लिहिते?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ओशाळले. दुसऱ्याचं वाचायचं नाही हा तिचा नेम, आणि तो ती अशा वेळीही मोडत नव्हती. पण झोराने तिलाही लिहिलं होतं, ते तिने मला दाखवलं. "व्लास्ता, चिमणी आजारी आहे का? तुझ्या पेटीला काही कळतं का?" खाली व्लास्ताचं उत्तर होतं, "बघते." असे चार प्रश्न आणि चार "बघते".

मग माझा तोल गेला. "बघते काय बघते? झोराने नोटीस वाचली होती?"

"ती फलक बघत नाही. कधीच बघत नाही. मला माहीत आहे."

"मग तिचं मत?"

"राजी धरलं."

मला तिची दया आली आणि रागही आला. लेनार्तचा न्याय करताना आम्ही दोघी किती शहाण्या होतो. मी म्हटलं, "उद्या बसने जायचं. तोंडावर सांगायचं. मी येते, नाहीतर तू अर्ध्या रस्त्यात उतरशील."

निघण्याआधी तिने रादिवोयला विचारलं, झोराला आसऱ्यावर घेशील का. त्याचं उत्तर बसमध्ये आलं. "लिपावरचं कुणीही यावं. राखणदाराला मात्र आमची मंडळी घेणार नाहीत, क्षमा करा. आणि त्या आजींना लवकर पाठवा. चिमणी रोज विचारते, माझी लोव्हरेंत्सची आजी कुठे गेली." व्लास्ताने तो निरोप मला वाचायला दिला आणि खिडकीकडे तोंड केलं.

झोराने दार उघडलं. आम्ही बूट काढले, तिने चपला पुढे सरकवल्या, आणि आम्ही त्या घालायच्या आधीच तिने विचारलं, "चिमणी मेली का?"

"नाही," व्लास्ता म्हणाली. झोराला ओठ वाचता येतात, पण समोर उभं राहून सावकाश बोलावं लागतं. खोटं बोलायला फार गैरसोयीचं असतं ते.

"मग माझा राग आलाय तिला," झोरा चुलीकडे वळत म्हणाली. "आईला नेलं म्हणून रडत होती, आणि मी काय लिहिलं? आता तुला झोप मिळेल. अक्कल गहाण पडली होती माझी. रोज माफी मागतेय. उत्तर नाही. बरोबर आहे तिचं."

व्लास्ताने तिचे खांदे धरून तिला आपल्याकडे वळवलं. मग सगळं सांगितलं. लेनार्त, वर्तमानपत्र, भाऊ, रादिवोय, बैठक. एकही गोष्ट गाळली नाही, स्वतःला कुठे सावरूनही घेतलं नाही. चुलीवरचं पीठ खाली लागलं तसं मी उठून ते उतरवलं.

"म्हणजे तिला माझा राग नाही," झोरा म्हणाली.

"नाही. ती रोज विचारते आहे."

"आणि माझ्या माफ्या?"

"परत आल्या. पेटीत आहेत. मी वाचल्या नाहीत."

झोरा खुर्चीत बसली. तिने आपल्या गुडघ्यांवरच्या चादरीचा काठ सरळ केला. "बैठकीत मला कुणी विचारलं?"

"फलकावर होतं."

"फलक मी वाचते?"

"नाही."

"मग?"

व्लास्ताचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही, आणि ओठ वाचणाऱ्या बाईला तेवढंही पुरलं असावं. "लाइन शांत होती," झोरा म्हणाली, "म्हणून तार ओढलीस. तुला मी शिकवलं होतं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. व्लास्ता रडली नाही. ती सरळ उभी राहिली, एक्स्चेंजमध्ये मुख्य बाईपुढे उभी राहत असेल तशी. "लेनार्तला आज काढते," ती म्हणाली. "आजच. मग ते परत जोडतील."

"का? त्याने काय केलं?"

"विचारायचं विसरला."

"आणि तू?"

"मीही."

"मग तुलाही काढू?" झोरा चिडली होती, आणि चिडली की तिचा आवाज तिला स्वतःला ऐकू येत नसल्याने फार मोठा होतो. "त्या पोराला राहू दे. तुझा न्याय बरोबर होता. मला नको होता, एवढंच. मला विचारलं असतंस तर मी हेच म्हटलं असतं कदाचित. पण चिमणीला सांगून तरी आले असते."

मग व्लास्ताने दुसरी वाट सांगितली. आसऱ्यावर झोराचं नवं खातं, चिमणी तिथेच, रादिवोय दार उघडून बसलेला. फक्त लिपावरचं खातं मिटवून जावं लागेल, दोन्हीकडे राहायला आसऱ्याची मंडळी तयार नाहीत. आणि तार तुटलेली असल्यामुळे तिथून लिपावर काही येणार नाही, इथून तिथे काही जाणार नाही.

"म्हणजे तुझंही नाही?"

"माझंही नाही."

सांगायला हवं, व्हिन्को गेल्यापासून व्लास्ता सकाळी डोळे उघडते ती झोराचं काय आलंय ते बघायला. धुकं आहे की ऊन, पीठ करपलं की नाही. आम्ही शेजारी आहोत, पण मी सकाळी नऊपर्यंत कुणाशी बोलण्यासारखी नसते.

"बस आहे ना?" झोरा म्हणाली.

"बर्फात बंद असते."

"मग बर्फ वितळल्यावर ये."

झोराने टॅबलेट तिच्या हातात दिला. तिची बोटं सुजलेली असतात, असल्या बारीक कामाला ती व्लास्तालाच बसवते. व्लास्ताने आधी आसऱ्यावरचं खातं उघडून दिलं. नाव विचारलं, झोराने "लोव्हरेंत्सची आजी" लिहायला सांगितलं. मग ती लिपाकडे वळली. पडद्यावर लिपावरचं पहिलं खातं होतं, त्याच्या खाली ते मिटवायचं बटण. तिचं बोट त्याच्यावर येऊन थांबलं.

तिने मान वर केली. झोराला ओठ नीट दिसावेत म्हणून ती थोडी पुढे झुकली आणि सावकाश म्हणाली, "झालं का बोलणं?"

झोराने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिचे डोळे भरले.

"नाही झालं," ती म्हणाली. "पण ओढ."

व्लास्ताने बटण दाबलं.